रस्ता झाडला गेला का? पालिकेच्या हिशेबाचा इतिहास, पनवेलच्या निमित्ताने



आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, याची मला कल्पना आहे. नगरपालिका साफसफाईवर, गटारांवर, तळ्यांवर, झाडांवर पैसे खर्च करते. त्या खर्चावर आणि त्या कामावर लक्ष कोण ठेवतं, कसं ठेवतं आणि ही रीत आली कुठून, एवढंच आज बघायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारेल. पण "काम झालं" हे आपण कशावरून म्हणतो, हा प्रश्न मुळात ज्ञानमीमांसेचाच आहे. वर्गात आम्ही तो घट-पटाच्या उदाहरणांनी शिकवला. घंटागाडीच्या उदाहरणाने तो जास्त चांगला शिकवता येतो.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे असं ठरवलं ते अनुमान. माहीत असलेल्या गोष्टीशी साम्य बघून नवी गोष्ट ओळखली ते उपमान. आणि विश्वासू माणसाने सांगितलं म्हणून मानलं ते शब्द. शब्दप्रमाणाला मात्र एक अट आहे: सांगणारा "आप्त" हवा, म्हणजे जाणता आणि खरं बोलणारा हवा. ही चार नावं हाताशी ठेवा. पालिकेच्या दप्तरात यातलं कुठलं प्रमाण चालतं ते आपण बघत जाऊ.

सुरुवात पनवेलपासून करू, कारण पनवेलची नगरपालिका १८५२ सालची आहे. राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. ज्या कायद्याखाली ती आली तो १८५० चा सव्विसावा कायदा. त्या कायद्याची गंमत अशी की तो कुणावर लादलेला नव्हता. गावच्या लोकांनी अर्ज करायचा, सरकारची खात्री पटली तर पालिका मिळायची. मग त्यातल्याच काही लोकांना आयुक्त नेमायचं आणि घरपट्टी किंवा गावात येणाऱ्या मालावरचा कर बसवून रस्ते, गटारं, दिवे, साफसफाई यांचा खर्च भागवायचा.

पनवेललाच ती इतक्या लवकर का? त्या काळचं पनवेल डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून माणूस आणि माल खाडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून बैलगाडीने बोरघाट चढून पुण्याकडे जायचा. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हापासून ही वर्दळ वाढली. गाड्या आल्या की बैल आले, बैल आले की शेण, चारा, चिखल, धूळ सगळं आलंच. पैसाही तिथेच होता आणि घाणही तिथेच. पुढे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि हा व्यापार आटत गेला, पण पालिका राहिली.

आता आपला प्रश्न विचारू. १८५२ च्या त्या गावात कामावर लक्ष कोण ठेवत असेल? गाव लहान, कर देणारा व्यापारी त्याच पेठेत राहणारा, झाडणाऱ्यालाही तो रोज बघणारा. रस्ता झाडला की नाही हे कळायला त्याला अहवाल लागत नव्हता. म्हणजे प्रमाण होतं प्रत्यक्ष. ही व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणत नाही. ज्यांच्या वस्तीत पालिकेचा झाडू पोचायचाच नाही त्यांचा आवाज त्या पेठेत नव्हता. पण करणारा, पाहणारा आणि पैसे देणारा यांच्यातलं अंतर थोडं होतं, एवढं खरं.

पुढच्या पन्नास वर्षांत हे अंतर वाढत गेलं. मुंबई इलाख्यात १८७३ चा जिल्हा नगरपालिका कायदा आला. १८ मे १८८२ ला लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, त्यामागून १८८४ चा कायदा आणि मग १९०१ चा. पनवेल तालुका याच सुमारास, १८८३ मध्ये, ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात गेला. रिपनचा ठराव आपण लोकशाहीचा पहिला धडा म्हणून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर काय झालं? सभासद खालून निवडून येऊ लागले आणि जमाखर्च मात्र वर जाऊ लागला. कलेक्टरकडे, कमिशनरकडे, सरकारकडे. १९३० मध्ये स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा झाला आणि पालिकेची वहीखाती तपासायला सरकारी लेखापरीक्षक येऊ लागला.

हा लेखापरीक्षक काय विचारतो? खर्चाला मंजुरी होती का? तरतूद त्या लेखाशीर्षाखाली होती का? प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, जोडलं आहे का? बेरीज बरोबर आहे का? हे प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. त्यांची थट्टा करणाऱ्याने एकदा एखाद्या बेहिशेबी संस्थेत काम करून बघावं. पण या यादीत एक प्रश्न नाही: गटार वाहतं का? गटार उपसल्याचं बिल आहे, त्यावर तीन सह्या आहेत, मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे. एवढं झालं की आक्षेप मिटला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्षाची जागा शब्दाने घेतली. आणि हा शब्द कुणाचा? ज्याने काम केलं त्याचा आणि ज्याने करवून घेतलं त्याचा. न्यायदर्शनाने विचारलं असतं, हे दोघे या बाबतीत आप्त आहेत का?

इथे इतिहासातल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली पुण्याची. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. फुल्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. आता बघा, लेखापरीक्षकाला त्या खर्चात खोट सापडली नसती. ठराव रीतसर, बहुमत रीतसर, प्रमाणकं रीतसर. चूक हिशेबात नव्हतीच, चूक प्राधान्यात होती. आणि प्राधान्याचा प्रश्न सभागृहात बसलेल्या माणसानेच विचारावा लागतो, वहीखात्याला तो विचारता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली, महाडची. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपला ठराव करून चवदार तळं खुलं केलं. सुरबानाना टिपणीस यांचं नाव या संदर्भात आदराने घेतलं जातं. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्याली, तोपर्यंत ठराव दप्तरातच होता. मग मारहाण झाली, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला पालिकेने तो ठरावच रद्द केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने यायला मार्च १९३७ उजाडला.

महाडकडे आपण समतेचा लढा म्हणून बघतो आणि तेच त्याचं खरं रूप आहे. पण पालिकेच्या सेवेचा इतिहास म्हणूनही ते पान वाचावं. पाणवठा ही पालिकेची सेवा. ठराव झाला म्हणजे सेवा मिळाली का? आणि कुणाला मिळाली? या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही अहवालात नव्हती. ती शोधायला माणसांना स्वतः तळ्यावर जावं लागलं. यापेक्षा मोठी कामगिरीची तपासणी माझ्या वाचनात नाही.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळात येऊ. महानगरपालिकांसाठी आपल्याकडे १९४९ चा कायदा आहे. त्यात आयुक्ताने दरवर्षी उत्पन्न आणि खर्चाचे अंदाज तयार करायचे, ते सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे जायचे आणि तिथून सर्वसाधारण सभेपुढे. हिशेबावर नजर ठेवायला पालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक. नगर परिषदांसाठी १९६५ चा वेगळा कायदा आहे. २०१६ पर्यंत पनवेलचा कारभार त्याच कायद्याखाली चालला.

मग ७४ वी घटनादुरुस्ती आली, १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्याबरोबर आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या विषयांची यादी आहे. सार्वजनिक आरोग्य, साफसफाई आणि घनकचरा हा त्यातला जुना विषय. पण "नागरी वनीकरण, पर्यावरणाचं संरक्षण" हे शब्द नवे. त्यापाठोपाठ महानगरपालिका कायद्यात कलम ६७-अ आलं. आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी, मागच्या वर्षातल्या शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभेपुढे ठेवला पाहिजे. हाच तो पर्यावरण सद्यस्थिती अहवाल.

३१ जुलै ही तारीख वाचली की मला कौटिल्य आठवतो. अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी वर्षाचे हिशेब आषाढात आणून द्यायचे आहेत. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजले आहेत आणि त्याच ग्रंथात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला दंडही सांगितला आहे. हिशेब आणि केरकचरा एकाच पोथीत. आपल्याकडे मात्र या दोन पोथ्या झाल्या. अंदाजपत्रक लेखा विभाग करतो, पर्यावरण अहवाल पर्यावरण विभाग करतो किंवा बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतो. लेखापरीक्षणाचा अहवाल तिसऱ्या कपाटात, आणि बऱ्याचदा संबंधित मंडळी बदलून गेल्यावर येणारा. एकात रुपये आहेत, एकात हवा-पाणी आहे, एकात आक्षेप आहेत. तिन्ही एकत्र उघडून बसणारा माणूस सहसा सापडत नाही. आज मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

गाढी नदीचं उदाहरण घ्या. वर देहरंगचं धरण, तिथून पनवेलला पाणी. खाली ती नवीन पनवेल आणि जुन्या पनवेलजवळून वाहत खाडीला मिळते. अंदाजपत्रकात ही नदी कुठे आहे? धरणाचं पाणी पाणीपुरवठ्यात, सांडपाणी मलनिःसारणात, काठावरचा कचरा घनकचऱ्यात, काठावरची झाडं उद्यान विभागात, पुराची भिंत बांधकामात. पाच लेखाशीर्षं, पाच अधिकारी. नदी एकच. प्रत्येकाने आपली तरतूद पूर्ण खर्च केली तरी नदी सुधारली का, याचं उत्तर देणं कुणाचंही काम नाही.

आणि "पूर्ण खर्च केली" म्हणजे तरी काय? समजा, घनकचऱ्यासाठी मूळ तरतूद दहा कोटींची होती. वर्षाअखेरीस सुधारित अंदाजात ती तेरा कोटी झाली. प्रत्यक्ष खर्च साडेबारा कोटी. अहवालात लिहिलं जाईल की तरतुदीच्या ९६ टक्के खर्च झाला. मूळ अंदाजाशी ताडलं तर तोच खर्च १२५ टक्के आहे. आकडे दोन्ही खरे. पण दोन्हीपैकी एकातूनही रस्ता झाडला की नाही हे कळत नाही. खर्चाची टक्केवारी ही कामाची टक्केवारी समजणं हे वाईट अनुमान आहे. धूर दिसला एवढ्यावरून भात शिजला म्हणण्यासारखं.

काम मोजायचा मनापासून प्रयत्न झालाच नाही असं नाही. केंद्र सरकारने २००८ मध्ये नागरी सेवांचे निकष ठरवले. एकूण अठ्ठावीस: पाणीपुरवठ्याचे नऊ, मलनिःसारणाचे नऊ, घनकचऱ्याचे आठ, पावसाळी गटारांचे दोन. घनकचऱ्यात किती घरांतून कचरा उचलला जातो, किती वेगळा केला जातो, शास्त्रीय विल्हेवाट किती, खर्चाची वसुली किती, तक्रारी किती सुटतात, असे प्रश्न आले. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाचा काही भाग हे निकष जाहीर करण्याशी जोडला. त्या पुस्तिकेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे त्याची विश्वासार्हता लिहायची, चार श्रेणींत. वजनकाट्यावर मोजलेल्याला वरची श्रेणी, अंदाजाने सांगितलेल्याला खालची. म्हणजे ज्ञानाबरोबर प्रमाणही नोंदवा! गौतम मुनींना आनंद झाला असता. पुढे २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणाचे क्रमांक आले आणि सगळ्यांचं लक्ष क्रमांकाकडे गेलं. तो जरा ढिल्या अर्थाने उपमान झाला. शेजारच्या शहराशी तुलना कळते, पण आपल्या गल्लीचं काय ते कळत नाही.

कचऱ्याचे २०१६ चे नियम याच वर्षीचे. त्यांत तारखांची साखळीच होती. प्रकल्प चालवणाऱ्याने ३० एप्रिलपर्यंत पालिकेला अहवाल द्यायचा, पालिकेने ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला, मंडळाने ३१ जुलैपर्यंत केंद्रीय मंडळाला. साखळी चांगली होती, फक्त ती पुन्हा वरच चढायची. शिवाय मोजणीचा एक स्वभाव असतो. ठेकेदाराला टनावर पैसे दिले तर ओला चिखल आणि राडारोडाही वजनात येण्याचा मोह होतो. फेऱ्यांवर दिले तर अर्धी रिकामी गाडीही फेरी ठरते. हजेरीवर दिले तर हजेरीपत्रक भरलेलं राहतं. म्हणून एकच माप कधी पुरत नाही. एक माप दुसऱ्याने तपासावं लागतं, आणि शेवटी कुणीतरी रस्त्यावर जाऊन बघावं लागतं.

बघण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. नजर कुणावर असते? पहाटे झाडू हातात घेतलेल्या बाईची हजेरी मुकादम घेतो, मुकादमावर स्वच्छता निरीक्षक. आता फोटो आणि यंत्रंही आली. तिला कंत्राटदार किमान वेतन देतो का, तिचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हातमोजे आणि बूट मिळाले का, हेही त्याच सेवेच्या कामगिरीत मोडतं. पण ते तितक्या कसोशीने पाहिलं जातं का? देखरेख खाली येताना कडक होते आणि वर जाताना सैल होते. शतकानुशतकं ज्या जातींवर हे काम ढकललं गेलं त्यांच्याच लेकी-सुना बहुतेक ठिकाणी आजही ते करतात. त्यामुळे ही तांत्रिक उणीव म्हणून सोडून देता येत नाही.

आता आजचं पनवेल. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनं पनवेल, सिडकोने वसवलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती आणि एकोणतीस गावं एकत्र आली. २०११ च्या जनगणनेने या सगळ्या भागाची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. मे २०१७ मध्ये अठ्ठ्याहत्तर नगरसेवकांची पहिली निवडणूक झाली. पण सेवा एका दिवसात हस्तांतरित होत नाहीत. बराच काळ वसाहतींमध्ये सिडको सेवाशुल्क घेत होती, काही सेवाही देत होती. पुढे २०२१ मध्ये महापालिकेने २०१६ पासूनच्या मालमत्ता कराची बिलं पाठवली, तेव्हा रहिवासी म्हणाले, एकाच सेवेचे दोनदा पैसे का? महापालिकेचं म्हणणं, कर हा कायद्याने पालिका आली त्या दिवसापासून लागू होतो. प्रकरण न्यायालयात गेलं.

त्या वादात कोण बरोबर, हे मी सांगणार नाही. मी फक्त त्यातला प्रश्न दाखवतो, कारण तो १८५२ चाच आहे. व्यापारी म्हणायचा, मी जकात भरतो, माझी पेठ झाडलेली दाखवा. कामोठ्याचा रहिवासी तेच म्हणतो आहे. फरक इतकाच की व्यापाऱ्याला कुणाला विचारायचं हे माहीत होतं.

आणि विचारायची जागाच काही काळ बंद होती. जुलै २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ आयुक्त हेच प्रशासक. असं राज्यातल्या बऱ्याच पालिकांत झालं. व्यक्ती चांगली की वाईट, हा मुद्दा नाही. मुद्दा रचनेचा आहे. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. पर्यावरण अहवाल सभेपुढे ठेवायचा, तर सभाही तोच. फुल्यांसारखा एकटा का होईना, पण उठून "नको" म्हणणारा सभासद त्या खोलीत नव्हता. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने कार्यकारी मंडळ आणि छाननी समिती वेगळ्या केल्या, त्या याच कारणासाठी. करणाऱ्याने स्वतःचीच परीक्षा घेऊ नये.

मग आपण काय करावं? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, वर्षातून एक दिवस तीन कपाटं एकत्र उघडा. ऑगस्टचा पहिला रविवार धरा. अंदाजपत्रक, पर्यावरण अहवाल आणि उपलब्ध असलेला शेवटचा लेखापरीक्षण अहवाल टेबलावर ठेवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे पालिकेने अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते. सगळं वाचू नका. एकच विषय निवडा: गाढी नदी, वडाळे तळं किंवा आपल्या प्रभागातला कचरा. तीनही ठिकाणी तो शोधा. जिथे तो सापडत नाही ती जागा लिहून ठेवा.

दुसरी, आकडा सांगणाऱ्याला त्याचं प्रमाण विचारा. रोज इतके टन कचरा निघतो म्हणता, तो काट्यावर मोजला की गाड्या मोजून गुणाकार केला? इतकी झाडं लावली म्हणता, पावसाळ्यानंतर जगलेली मोजली का? झाडांच्या १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्षगणना दोन्ही दिल्या आहेत, म्हणजे हा प्रश्न कायद्यात बसतो. रागावून विचारायची गरज नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला हा प्रश्न आवडतो, कारण त्याला वजनकाटा मागायला कारण मिळतं.

तिसरी, प्रभाग समितीकडे जा. पनवेलमध्ये चार प्रभाग समित्या आहेत. शहराची सरासरी ही फार फसवी गोष्ट आहे. खारघरचा रस्ता आणि एखाद्या गावठाणातली गल्ली यांची सरासरी काढली तर दोघांचंही खरं चित्र हरवतं. महाडने आपल्याला "कुणाला मिळाली" हे विचारायला शिकवलं, आणि ते फक्त प्रभागाच्या पातळीवर विचारता येतं.

लेखापरीक्षक कागद तपासतो, ते त्याचं काम आहे आणि त्याने ते करावं. पण प्रत्यक्ष हे प्रमाण त्याच्या अधिकारात नाही. ते तुमच्याकडे आहे, कारण त्या गल्लीत तुम्ही राहता. फक्त तुमचं पाहणं आणि त्यांचा कागद एका टेबलावर यायला हवेत. आजवर ते फार क्वचित आले आहेत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि शक्यतो आपल्या प्रभागाचे विचारा.